बाकावरचं गिऱ्हाईक

आदरणीय (आणि अजूनही बोडक्या डोक्याने फिरणाऱ्या) दाजींना धाकट्या मेहुण्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे माझं पित्त आणि हिची पाठ सोडून. तुमची प्रकृती कशी आहे? गुडघा गप्प आहे की कुरकुरतोय? आणि कवळी? वरची नीट बसते ना? जेवताना खाली येत नाही ना? तीस वर्षं मी कवळ्या करतोय, पण तुमच्याइतका छळ एकाही तोंडाने केलेला नाही. लोक येतात आणि म्हणतात, दात सरळ करा, एका ओळीत करा. अडून बसून डावीकडचा सुळा मुद्दाम वाकडा करून घेणारे तुम्ही पहिलेच. का, तर तुमचा मूळचा सुळा तसा होता आणि ताई म्हणे त्याच सुळ्यावर भाळली होती. (तो दात मी चार वेळा मेणात बसवून दाखवला आणि चारही वेळा तुम्ही आरशात बघून 'अजून जरा आत' म्हणालात. तसा दात मी पुन्हा कुणाला करून दिला नाही आणि करायला गेलो तरी जमणार नाही.) असो. कवळी रात्री वाटीत पाण्यात ठेवत जा, शर्टाच्या खिशात नाही.

विषय हेल्मेटचा आहे. निवृत्त झाल्या झाल्या तुम्ही ती धिप्पाड नवी मोटारसायकल घेतलीत आणि जुनी मला दिलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहेच. पण गाडीबरोबर तुमची सवयही माझ्याकडे यायला नको, म्हणून गाडी रोज चालवायला लागायच्या आधी हेल्मेट घ्यायचं असं मी ठरवलं. तुमचं यावरचं मत मला तोंडपाठ आहे. डोकं काय दागिना आहे का पेटीत घालून फिरवायला, आणि मी तर कोपऱ्यापर्यंतच जातोय. हा तुमचा कोपरा नेमका कुठे आहे ते आजवर कुणाला कळलेलं नाही. गेल्या महिन्यात तो चाळीस किलोमीटरवर निघाला. तुम्ही तिकडे वारा खात असता आणि इकडे ताई खिडकीत उभी राहून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत असते. ही त्यांची नाही, हीसुद्धा नाही. तुमच्या गाडीचा आवाज वळणावर आला की मग ती गॅस पेटवते. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही, कारण तुम्ही आत शिरता तेव्हा ती 'आलात का' एवढंच म्हणते.

तर दुकान. जुन्या बाजारामागे एक बोळ आहे, त्यात अगदी शेवटी. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर हेल्मेटं, आणि सगळ्यांच्या काळ्या काचा दाराकडे तोंड करून. आत पाऊल टाकलं आणि मी उगाचच गळ्याशी शर्टाचं बटण लावलं. दुकानदार म्हातारा, बारीक आवाजाचा. त्याने काही न विचारता माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कलिंगड बघावं तसं इकडून तिकडून दाबून पाहिलं. (हिला हे सांगितलं तर म्हणाली, मग पिकलंय म्हणाला की नाही?) त्याचं म्हणणं असं, की आरशात बघून हेल्मेट निवडणारा माणूस मूर्ख. हेल्मेट घालायचं, काच खाली करायची, हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जेमतेम जातील इतपत आवळायचा, मान हलवली तर हेल्मेट मानेबरोबर हललं पाहिजे, आणि मग भिंतीकडेच्या बाकावर वीस मिनिटं गप बसायचं. काढल्यावर कपाळावर वळ दिसला तर लहान, गाल मोकळे राहिले तर मोठं. मला हे फार पटलं. मीसुद्धा कवळी घातली की माणसाला बसवून ठेवतो, लगेच हसू देत नाही.

बाकावर आम्ही पाच जण होतो. दाजी, तुम्ही कधी घातलेलं नाही म्हणून सांगतो, हेल्मेटच्या आत आपला श्वास सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. शेजारी बसलेल्याला चेहरा नसतो. आपल्यालाही नसतो. (नाक खाजलं तर काय करायचं हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मी ती वीस मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत.) वेळ संपली तसे एकेक जण उठून हेल्मेट काढत गेले आणि आतून माणसं निघाली. एक टपाल कचेरीतला कारकून, एक परिचारिका, एक चष्मेवाले गृहस्थ ज्यांचा चष्मा आतच अडकला. सगळे एकमेकांकडे बघून जरा ओशाळं हसले. टोकाला एक जण मात्र तसाच बसून राहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. एका पायात बूट होता. दुसऱ्या पायात नुसता मोजा, धुळीने भरलेला.

माझ्या कपाळावर वळ उठला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने त्या टोकाच्या माणसाजवळचं एक हेल्मेट उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, यांना नाही बसलं, तुम्ही बघा. त्याने ते कधी काढलं आणि दुसरं कधी चढवलं ते मला दिसलं नाही (माझी काच खाली होती आणि श्वासाने धुरकटली होती). पण आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. नुकतंच डोक्यावरून उतरलेलं हेल्मेट गरम असतं, थोडं घामटही असतं. हे गार होतं. कवळीच्या साच्याच्या ओल्या प्लॅस्टरसारखं गार.

तरी मी ते घातलं, कारण भिडस्त स्वभाव. बसलो त्याच्याच शेजारी. दहाएक मिनिटांनी तो बोलला. हेल्मेटच्या आतून आलेला आवाज, दूरच्या खोलीतून यावा तसा. घरी सांगून आलात का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, येतो तासाभरात म्हणून आलोय. तो म्हणाला, मीही तसंच सांगून निघालो होतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून. तिने दूध उतू जाईल म्हणून वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी उठलो. दुकानदाराला बाजूला घेऊन विचारलं, हे गृहस्थ कोण? त्याने फडक्याने एक काच पुसत पुसत सांगितलं, की त्याच्याकडे गिऱ्हाईकं दोन प्रकारची येतात, आधी येणारी आणि नंतर येणारी. आधी येणाऱ्याला काही ना काही बसतंच. नंतर येणाऱ्याला यातलं एकही बसत नाही, पण नाही म्हणवत नाही, म्हणून तो त्यांना बसू देतो. मी हेल्मेट काढून परत दिलं. गाडी बोळाच्या तोंडाशी होती, ती सुरू न करता ढकलत घरी आणली. चार किलोमीटर. लोकांना वाटलं पेट्रोल संपलं, एकाने तर बाटलीही पुढे केली. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि धैर्याने त्याहून लहान,
मेहुणा

ता. क. १ – खरं सांगून टाकतो, कारण खोटं माझ्या पोटात राहत नाही आणि पित्त वाढतं. वरचा सगळा मजकूर माझ्या मनचा आहे. मी कुठल्याही दुकानात गेलेलो नाही. बाक आमच्या दातांच्या दवाखान्यातला आहे आणि कोपरा तुमचा. ताईचा फोन आला होता. म्हणाली, माझं ऐकत नाहीत, तुला लिहिता येतं तर काहीतरी लिहून घाबरव त्यांना. हे बोलताना ती रडत होती, हे सांगू नकोस असंही म्हणाली. एवढंच मागणं आहे, दाजी. तुमच्यासाठी हेल्मेट मी पाठवतो, तुम्ही ते घाला. मापाची काळजी नको. तुम्ही दुपारी आरामखुर्चीत घोरत होता तेव्हा ताईने लोकरीच्या धाग्याने तुमचं डोकं मोजलं आणि धाग्याला गाठ मारून माझ्याकडे पाठवला.

ता. क. २ (दुसऱ्या दिवशी) – पत्र पाकिटात बंद करून खिशात ठेवलं होतं. ते पुन्हा फोडून लिहितोय. आज दुपारी धागा घेऊन आमच्या कामाच्या जागेमागच्या दुकानात गेलो. साधं, उजेडाचं दुकान. म्हातारा वगैरे कुणी नाही, एक धडधाकट बाई दुकान चालवतात. मला अगदी हायसं वाटलं. त्यांनी गाठीपर्यंत धागा ताणून पाहिला आणि म्हणाल्या, या मापाचं एकच उरलंय आणि ते त्यांनी घातलंय, त्यांची वीस मिनिटं झाली की देते.

भिंतीकडे बाक होता. टोकाला एक जण बसला होता, काच खाली, हात गुडघ्यांवर.

मी विचारलं, कधी आले हे? बाई म्हणाल्या, काल दुपारीच आले, मी कंटाळून दुकान बंद केलं, सकाळी उघडते तर दारात उभे. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो असं घरी सांगून आलोय म्हणतात, म्हणजे जातील आता. दाजी, पाकीट माझ्या खिशात होतं, बंद. त्यातलं हे कोपऱ्याचं वाक्य मी हिलासुद्धा वाचून दाखवलेलं नाही. मी भीत भीत त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांत बूट होते. (पत्रात त्याच्या एका पायातला बूट मीच काढून घेतला होता, त्याबद्दल मला आता फार वाईट वाटतंय.) तेवढ्यात त्याने काच वर केली, ओठ दिसतील इतकीच, आणि माझ्याकडे बघून हसला. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, पण तोंड मी विसरत नाही. डावीकडचा सुळा. अजून जरा आत.

मी पळालो नाही. (पळालो. पण दारापर्यंतच, धागा बाईंच्या हातात राहिला होता.) वळून पाहिलं तर बाकावर नुसतं हेल्मेट होतं. बाई म्हणाल्या, बरं झालं, गेले एकदाचे. मी ते उचललं आणि आत हात घातला. गरम होतं. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं, बाईंनी पाणी दिलं.

ता. क. ३ – घरी येताच तुम्हाला फोन लावला होता, आठवत असेल. तुम्ही चिडला होता आणि बोबडं बोलत होता. कवळी काल दुपारपासून सापडत नाही म्हणालात, बहुतेक कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा वाऱ्याने खिशातून उडाली, आता गाडी काढून शोधायला निघतो. मी ताईला फोन द्यायला लावला. तुमच्या गाडीची किल्ली तेव्हापासून पिठाच्या डब्यात आहे. तिच्यावर रागावू नका, मीच सांगितलं. पत्र टपालात टाकत नाही, पहिल्या गाडीने निघून स्वतः घेऊन येतोय. आता तुम्ही हे वाचताय तेव्हा मी समोरच बसलोय आणि हेल्मेट तुमच्या डोक्यावर आहे. वाचून होईपर्यंत काढू नका, वीस मिनिटं होतातच. मग कपाळ मी बघेन. कवळी मी नवी करून देतो, वाकड्या सुळ्यासकट, जमेपर्यंत करतो. जुनी शोधू नका, दाजी. ती कुठे आहे ते मी पाहिलंय.