बाराव्या पुस्तकाचा शेवट

मंगळवार, ४ मार्च १९२४

डॉक्टरांनी आज मला जिन्यात थांबवलं. ताईचं हृदय पार थकलंय म्हणाले. दोन महिने, फार तर अडीच. कुणाला भेटायला बोलवायचं असेल तर बोलवा. कुणाला बोलवू? आम्ही दोघीच तर आहोत!

उद्यापासून दिवसभर एक नर्सबाई येणार. मी नको म्हणत होते, ताईच हो म्हणाली. घरात दुसरा आवाज हवा म्हणे. बावन्न वर्षं माझीच बडबड ऐकतेय, विटली असेल बिचारी.

गुरुवार, ६ मार्च

नर्सबाईने ताईची सगळी पुस्तकं वाचली आहेत! कपाटाशी उभी राहून एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवत होती. दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि घरातला नियम सांगितला — प्रत एकदा छापखान्यात गेली की त्या पुस्तकाचा विषय या घरात काढायचा नाही. ताईला खपत नाही. ती मान डोलावत राहिली. मोठ्या लेखिका अशाच लहरी असतात, असं काहीतरी पुटपुटली.

नियम ताईचाच आहे, ते खोटं नाही. पण वीस वर्षं तो मला किती सोयीचा पडला, ते मलाच ठाऊक.

रविवार, ९ मार्च

वहीला तोंड नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

ताईचे डोळे तिशीतच अधू झाले. ती खोलीत फेऱ्या मारत सांगते, मी लिहून घेते. मग मी स्वच्छ प्रत करते आणि ती छापायला जाते. ताईच्या प्रत्येक कादंबरीत एक माणूस लांब जातो, कधी बोटीवर, कधी फौजेत, कधी खाणीत. आणि शेवटी परत येत नाही. छापलेल्या अकराही पुस्तकांत मात्र तो परत येतो. मी आणलाय त्याला.

पहिल्या वेळी असं ठरवून बसले नव्हते. ताईशी लग्न ठरलेला तो खराच बोटीवर गेला, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. सहा महिन्यांत येतो म्हणाला होता. ताई खिडकीशी उभी राहून शेवटचं प्रकरण सांगत होती. "तो आला नाही," एवढं म्हणून थांबली. खाली पोस्टमन आला होता. तो पुढच्या दारी जाईपर्यंत ती श्वास रोखून उभी. मग म्हणाली, पुढे लिही. मी लिहिलं. पण प्रत करायला बसले तेव्हा हात चालेना. तीन दिवस ते एकच पान. चौथ्या दिवशी लिहून टाकलं, दारावर थाप पडली.

पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं. पत्रांचे गठ्ठे आले. लोकांनी लिहिलं होतं, आनंदाने नाचलो. मी ताईला वाचून दाखवलं, रडलो. तिचा चेहरा असा निवळला! "म्हणजे मी एकटी नाही गं, धाकटे," म्हणाली. त्यानंतर मागे फिरायची सोय राहिली नाही.

शुक्रवार, १४ मार्च

बाराव्या पुस्तकाचं शेवटून दुसरं प्रकरण झालं. दोन वाक्यं सांगते आणि धापा टाकते. मी थांबू या म्हटलं की चिडते.

मंगळवार, १८ मार्च

सगळं संपलं.

पहिल्या प्रकरणांची प्रुफं आणायला छापखान्यात गेले होते. तासाभराचं काम, पण फोरमन जेवायला गेलेला, तीन तास गेले. घरी आले तर जिन्यातच नर्सबाईचा आवाज. वाचत होती. मी चपला न काढता दारातच थांबले. सहाव्या पुस्तकाचा शेवट! खाणीतून सुटून आलेला तो फाटक उघडतो, ते पान.

झालं असं, की ताईने तिला सहज विचारलं, लग्न झालंय का तुझं. ती म्हणाली, झालं, तुमच्या तिसऱ्या पुस्तकामुळे झालं. होणाऱ्या नवऱ्याची बदली लांब झाली होती, ती नकार कळवणार होती. मग पुस्तकात तो परत येतो ते वाचलं आणि थांबायचं ठरवलं. ताई म्हणाली, काढ ते पुस्तक, शेवट वाच. मग पहिलं. मग दुसरं. पोरीचा काय दोष? तिला वाटलं, आजारी माणसाला आपलं लिहिलेलं ऐकावंसं वाटतंय.

माझी पावलं ताई ओळखते. डोळे मिटलेलेच. "बस," म्हणाली. "अजून पाच राहिलेत."

बसले. पाचही ऐकले.

बुधवार, १९ मार्च

बोलत नाही. माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाही. नर्सबाई कावरीबावरी झालीय, माझं काही चुकलं का विचारते.

शनिवार, २२ मार्च

आज बोलली. नर्सबाईला औषध आणायला पाठवलं आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, अकराही वेळा आला? मी हो म्हटलं. आणि पत्रं? म्हटलं, तीही बदलून वाचली. सगळी? सगळी.

मग अगदी शांतपणे म्हणाली, "वीस वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्याबरोबर रडतायत. ते तर हसत होते."

मी रडले, भेकले, पाय धरले. सांगितलं की तू नुसतं बोलत होतीस ताई, कागदावर मला उतरवावं लागत होतं. तो आला नाही, तो आला नाही, हे माझ्याच्याने लिहवत नव्हतं. तू रोज पोस्टमनच्या वेळेला खिडकीशी, आणि मी असं लिहू?

ती म्हणाली, तुझी दया मला घरात चालली असती. पुस्तकात कशाला आणलीस?

मी तिचे पाय सोडले.

रविवार, २३ मार्च

आज काही नाही.

शनिवार, २९ मार्च

शेवटचं प्रकरण नर्सबाईकडून लिहून घ्यायचा प्रयत्न केला तिने. दोन दिवस चाललं होतं. मी आपली स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकत होते, घासलेलीच परत घासत होते. पोरगी एकेक शब्द विचारत बसते. ताईला ताल सापडेना. शेवटी आज हाक आली, "धाकटे, वही घे."

इतकी घाईने उठले की स्टूल पडलं.

अडीच पानं. बाई म्हातारी झालीय. बंदरात बोट लागते, भोंगा वाजतो, आळीतल्या सगळ्या बायका धावतात. ती उठत नाही. विणकाम पुढे चालू ठेवते. संपलं.

ताईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग वही नर्सबाईकडे द्यायला लावली आणि तिच्याकडून चौथ्यांदा. शब्दन् शब्द ताडून पाहत होती. मी खाली मान घालून उभी. आपली लायकीच तेवढी! पण इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

प्रत केली. एक कानामात्रासुद्धा बदलली नाही.

सोमवार, ७ एप्रिल

आपला नियम ताईने आपणच मोडला. शेवटच्या प्रकरणाची प्रुफं घरी आणायला लावली. नर्सबाईने वाचली. एका ठिकाणी कंपोझिटरने ओळ गाळली होती, ती ताईने बरोब्बर पकडली. मला विचारलं, ती घातली का? घातली. दाखव हिला. दाखवली.

मग हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट धरलं. "हे माझं झालं," म्हणाली. सोडलं नाही बराच वेळ. क्षमा केली का, ते विचारायचा धीर झाला नाही. विचारायला हवं होतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

ताई गेली. सकाळी सव्वानऊला. मी उशा नीट करत होते.

गुरुवार, २४ एप्रिल

प्रकाशक येऊन गेले. ताईबद्दल चार शब्द बोलले, डोळे पुसले, खरेच पुसले असावेत. मग घसा खाकरून विषयावर आले. शेवट कोरडा वाटतो म्हणाले. आजारपणात ताईंचं मन खचलं असेल. फार काही नको, दोन ओळी, ती विणता विणता दाराकडे बघते, दारात कुणीतरी उभं आहे, एवढंच. तुम्हाला त्यांची शैली तोंडपाठ आहे, तुम्हाला अवघड ते काय?

हसूच आलं मला. अवघड काहीच नव्हतं! त्या दोन ओळी ते बोलत असतानाच डोक्यात तयार झाल्या होत्या.

नाही म्हटलं. पुस्तक निघालं नाही तरी चालेल, पण अक्षर बदलायचं नाही. असं ठासून मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ते बघतच राहिले.

जसंच्या तसं छापतो असं कबूल करून गेलेत. ताई, ऐकतेस?

सोमवार, ३० जून

पुस्तक निघून तीन आठवडे झाले. पत्रं यायला लागलीत. आतापर्यंत सतरा. लोक रडलेत, या वेळी खरंच रडलेत.

पण सतराही जण मलाच शिव्या घालतात; प्रत मी करत होते, ते प्रकाशकांनी पुस्तकात छापलंय. एका बाईंनी लिहिलंय, "ताईंची अकराही पुस्तकं माझ्या उशाशी असतात. त्यांनी हा शेवट कधीच लिहिला नसता. त्या गेल्यावर तुम्ही तो बदललात. सख्ख्या बहिणीला असं करवलं तरी कसं?"

बारा पुस्तकांत ताईचा म्हणावा असा हा एकच शेवट. आणि हाच तिचा नव्हे म्हणतात.