उतरवून घ्या

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची सोलापुरात! करमाळ्याहून एसटीत हाडं खिळखिळी झाली, पण शुक्रवार पेठेतली खोली पाहिली आणि शीण गेला. खाली शेंगाचटणीचं दुकान आहे, माझ्या ओढण्यांना आत्ताच लसणाचा वास लागलाय. नोकरी गुरुसिद्धप्पा अण्णांच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये. रिपोर्टसाठी लोक होटगीहून, अक्कलकोटहून हेलपाटे घालतात, ते मी थांबवायचे. रिपोर्ट सर्व्हरवर ठेवायचे, मोबाइलवर लिंक पाठवायची, की घरबसल्या फाइल हातात. धाकट्या बहिणीला, सृष्टीला, हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणते, तायडे, जेवलीस का ते सांग आधी. कार्टी! आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना.

६ नोव्हेंबर, गुरुवार
साइट उभी राहिली. बटणावर ‘डाउनलोड’ लिहिलं होतं, तर अण्णांनी नाक मुरडलं. आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळेल असं लिही म्हणाले, आणि शब्दही त्यांनीच दिला: ‘उतरवून घ्या’. दिला टाकून. माझ्या बापाचं काय जातंय!

चाचणीसाठी खोट्या फाइली करायचा कंटाळा केला. खऱ्याच रिपोर्टांवर चालवून पाहिलं. लिंकच्या शेवटचा आकडा बदलत गेले, एक ते बारा, आणि बाराही रिपोर्ट माझ्या मोबाइलवर उतरले. म्हणजे कुणीही कुणाचाही रिपोर्ट घेऊ शकतं. मागणारा कोण, हे तपासायचं राहिलंय. सोमवारी करते.

१० नोव्हेंबर, सोमवार
होटगीचे रुद्रप्पा पेढे घेऊन आले. कावीळ झाली होती त्यांना. शुक्रवारी सकाळी उठले तर डोळे स्वच्छ. पुन्हा रक्त तपासलं, काही नाही. एक नंबरचा रिपोर्ट त्यांचाच. अण्णा खूश.

मला मात्र अन्न नको झालंय, आणि डोळे पिवळे दिसतात. टपरीवरची भजी भोवली, दुसरं काय. मागणारा कोण ते तपासायचं काम तसंच राहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन नंबर टायफॉइड, तीन नंबर डेंगी. दोघंही ठणठणीत झाले म्हणे. मला ताप आहे आणि अंगभर पुरळ.

लॅब झाडणाऱ्या कस्तुराबाईंना हे गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बटणावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावलं, आणि झाडू बाजूला ठेवून म्हणाल्या, “आक्का, दुसऱ्याचं उतरवून घेतलं तर ते जातंय कुटं? घेणाऱ्याच्याच अंगावर की.”

त्यांच्या गावात आजाऱ्यावरून उतारा ओवाळून तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, ठेवतात. भात, लिंबू. त्याला कुणी हात लावत नाही. मी तर बारा उचलले होते. त्यांच्यासमोर हसले, खोलीवर येऊन रडले. भीती वाटते मला, खरंच वाटते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बारावा रिपोर्ट उघडून पाहिला. रक्ताचा कर्करोग. बाई बार्शीची. आज स्वतःच्या पायांनी जिना चढून आली.

माझ्या नाकातून रक्त थांबत नाही. मोबाइलमधल्या फाइली पुसल्या, उपयोग नाही. अण्णांना म्हटलं, ते बटण काढू द्या. ते म्हणाले, माणसं बरी होतायत आणि तू काय बडबडतेस. त्यांनीच माझं रक्त काढायला लावलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
माझा रिपोर्ट आला. नंबर दोनशे नऊ. बाराही आजार एका कागदावर.

फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर म्हणून मी सृष्टीचा दिला होता. लिंक तिलाही आपोआप जाते. मीच तसं केलंय, मीच —

तिला फोन केला. बजावलं, बटण दाबू नकोस. का, ते सगळं सांगितलं. बाराजण कसे बरे झाले तेही. ती हसली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फाइल पुसायला हवी. बोटं थरथरतात. पासवर्ड तीनदा चुकला. तासभर खातं बंद — नियम माझाच.

लिंक दुसऱ्या कुणाला पाठवता येईल. अण्णांचा नंबर काढलाही होता. नाही — नाही पाठवली.

सृष्टी फोन उचलत नाही. तिला सांगायलाच नको होतं. कसं उतरतं ते तिला आता —

दुपारी
घाम आला. डोकं हलकं झालं. हात थरथरत नाहीत. अक्षर सरळ येतंय. भूक लागलीय —

डोळे पांढरेस्वच्छ —

सृष्टे, काय केलंस गं

तिचा मेसेज आलाय. तायडे, ताप उतरला का? मी रक्त तपासायला देणार नाही हं, सांगून ठेवते.

करमाळ्याची गाडी किती वाजता — तिला धरून आणायचं, रक्त घ्यायचं, रिपोर्ट चढला की लगेच मी परत उतर