हळदीचं जातं

चैत्र वद्य २, शके १८५८. केनवड.

आमचं जातं उचलून नेलं! मामंजीनं गड्याले सांगून गोठ्यात टाकलं. म्हणे, "आता दळण वाशिमच्या चक्कीवर जाईन. बायायचे हात दुखतात." हात कायचे दुखतात! त्यायचे कान दुखले.

जात्यावर बाई काय बी बोलो, त्याले उलट बोलणं म्हणत नाई. इकडची रीतच हाये. हे गेले तवा मी चौदाची. आठ महिने तोंडातून शब्द नाई फुटला. मंग आत्याबाईनं, माह्या सासूनं, जात्यापाशी बसवलं — "दळ. आन म्हन." म्हतलं, लय रडली, तवा कुठं दोन घास पोटात गेले.

आता कस्तुराचं, माह्या नणदेचं, लगन जऊळक्याच्या रंगरावाशी ठरलं. बिजवर. शेजारच्या मोतीबाईचं माहेर तिथलं. रंगरावाची पहिली बायको जात्यावर काय म्हणे, ते तिनं सांगतलं —

बापानं पाह्यलं वावर, नाई पाह्यला धनी
पाठीवरले वळ माये, पाहे आडाचं पाणी

त्याच आडातून काढली तिले! काल पहाटे दळता दळता हेच मी मोठ्यानं म्हतलं. बस, तेवढंच.

वद्य ६.

बोलाले जागाच नाई राह्यली.

वद्य ९.

कस्तुरा इचारे, "वयनी, थो मारते काय वं?" मी म्हतलं, "नाई." खोटारडी मी! पण करू काय? विधवेनं मामंजीपुढं उभं राहाचं नाई. आत्याबाईजवळ गेली तं म्हणे, "सत्तर एकर हाये त्याले. गप बस."

वद्य १३.

काय फजिती! नवरीची हळद चक्कीवर दळत नाई, तिले जातंच लागते — हे मामंजीच्या ध्यानातच नव्हतं! आज त्याच गड्याकडून जातं धुऊन मांडवात आणलं. पोट धरून हासली मी.

मंग हासू जिरलं. हळदीच्या जात्याले पाच सवाष्णी लागतात. माही सावली बी चालत नाई. मोतीबाईचा नंबर हाये त्याच्यात. तिले म्हतलं, "तू म्हन ना व माय!" म्हणे, "सारी भावकी बसली राह्यते मांडवात. माही जीभ नाई उचलाची." बाकी चौघी बी तेच म्हणतात.

वैशाख शु. १.

आज मले माजघरात कोंडलं होतं. आत्याबाईनंच बाहीरून कडी लावली. मांडवात गणपतीची ओवी झाली, मामाची झाली. जऊळक्याची नाई. म्हतलं, गेली पोरगी!

तेवढ्यात कडी वाजली. आत्याबाईनं मनगट धरून मले मांडवात ओढत नेलं आन माहा हात जात्याच्या खुंट्यावर ठेवला. बाया मांग सरकल्या. "अपशकून!" कोणी तरी ओरडलं. मामंजी उभे राह्यले.

आत्याबाई म्हणे, "म्हन, मनकर्णे."

म्हतलं. एकदा नाई, तीनदा! कस्तुरा पाटावरून उठली, माह्याजवळ येऊन बसली. आत्याबाई साऱ्या भावकीपुढं म्हणे, "माही पोरगी तिथं जात नाई."

शु. २.

सोयरीक मोडली. आज आत्याबाईची पाठ शेकून देली. पह्यल्यांदाच उघडी पाह्यली. वण हायेत — जुने, म्हणे कस्तुराच्या जन्माआधीचे. आन एक वळ कालचा.