टीव्हीवरचं कव्हर

प्रिय धनाजी,

फोन केला असता तर ‘व्हय बाई, बघतो’ म्हणून ठेवला असतास, म्हणून लिहितेय. मला तुझा राग आलाय, भयंकर राग. काल शाळेत आले तर तुझ्या आठवीच्या वर्गातला मोठा टीव्ही अजून कव्हराखालीच. मीच हौसेनं शिवून दिलेलं कव्हर, कडेनं वेलबुट्टी काढलेलं. गावानं घरोघर वर्गणी काढून टीव्ही आणला, नारळ फोडला, त्याला वर्ष झालं. साहेब आले की उघडतोस आणि गेले की झाकतोस, असं पोरंच सांगतात. विचारलं तर म्हणालास, “पोरं हात लावतेत बाई, बिघडून जाईल.” अरे, मग आणला कशाला?

गणिताचे सर बदलून गेले, जागा रिकामी आहे. सोलापुरात शिकवणारी माझी लेक उझमा रोज अर्धा तास त्या टीव्हीवरून गणित घ्यायला तयार आहे, हे तुला तीनदा सांगितलं. तू म्हणतोस, आपल्याला त्यातलं कळत नाही. कसं कळेल? ऑनलाइन प्रशिक्षणाला मोबाइल जोडून ठेवलास आणि स्वतः सोयाबीनच्या राशीवर गेलास. प्रमाणपत्र मात्र ऑफिसात टांगलंय. भूकंपानंतर तू पहिलीत आलास तेव्हा फळा नव्हता. मी शेडच्या पत्र्यावर खडूनं बाराखडी लिहायचे. पत्रा खराब होईल, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

आता खरं सांगते. लॉकडाऊनमध्ये, मी निवृत्त व्हायच्या आधी, उझमा मला मोबाइलवर वर्ग घ्यायला शिकवत होती. चुकले तर पोरं हसतील या भीतीनं मी वयाचं निमित्त केलं. आठवीतली अयोध्या रोज फोन करून विचारायची, वर्ग कधी चालू होणार. मी आज-उद्या करत राहिले. घरच्यांना ती रिकामी बसलेली दिसली. शाळा उघडली तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. तुझ्यावरचा निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

हे पत्र आणणारी करिश्मा अयोध्याची धाकटी बहीण, हे तुला ठाऊकच आहे. गणित शिकवायला कुणी नाही तर शाळेत पाठवायचं कशाला, असं तिच्या घरी सुरू झालंय. परवा तिला बघायला पाहुणेही येऊन गेले. उझमा सोमवारी अकरा वाजता टीव्हीवर समोर येईल. तू चुकशील, पोरं हसतील, हसू दे. कव्हर तेवढं आत्ताच करिश्माच्या हाती दे. मला ते परत हवंय.

तुझीच,
फरिदाबी बाई