एकतीस खरी नावं

२७ सप्टेंबर, शुक्रवार. वाशीम

सकाळी या खोलीचं कुलूप उघडलं आणि कानात एकदम तो जुना आवाज घुमला. एकामागून एक एकतीस पोरांचं "हजर, गुर्जी!" धनजच्या शाळेतला सातवीचा वर्ग, सन एकोणनव्वद. कोणाचा आवाज किनरा, कोणाचा नुकताच फुटलेला, तर शेवटच्या बाकावरून कोणी मुद्दाम लांबवलेला. मी हजेरी वाचत नसे, कवितेसारखी चालीवर म्हणत असे. माझ्या वर्गात नाव घेतलं आणि पोरगं उभं राहिलं नाही, असं कधी झालं नाही.

त्या एकतिसांतल्या चौथ्या नंबरच्या पोरानं, सतीशनं, मला नोकरी दिली आहे. एकाहत्तराव्या वर्षी! त्याची इथं सॉफ्टवेअरची कंपनी आहे. गावातल्या माणसांची नोंद ठेवणारा 'गावनोंद' नावाचा प्रोग्राम त्यानं केलाय. दर रविवारी प्रोग्रामर मंडळींचा कुठं ना कुठं मेळावा भरतो, तिथं तो सर्वांदेखत चालवून दाखवायचा आणि त्यावर बोलायचं, हे माझं काम. सतीश म्हणाला, "गुर्जी, आमचे पोट्टे कोड फस्टक्लास लिव्हतात, पन चार लोकायसमोर उभं केलं का तंतरते त्यायची. तुमी बोला. गुर्जीले जमते म्हनल्यावर साऱ्यायले जमते."

खोली तळमजल्यावर, अगदी रस्त्याला लागून. टेबल, खाट, माठ. बायकोचा, दुर्गाबाईचा, फोटो खिडकीशेजारी टांगला. ती असती तर म्हणाली असती, या वयात कायले हे धंदे? संध्याकाळी अनसिंगहून पौर्णिमाचा फोन आला. बाबा, गोळी घेतली का, एवढंच तिनं चार वेळा विचारलं. लेक अठ्ठेचाळीस वर्षांची झाली, तरी मला ती वर्गातलीच वाटते. होतीही माझ्याच वर्गात.

२८ सप्टेंबर, शनिवार

सुकेशनी शिकवायला आली. प्रोग्राम तिनंच लिहिलाय. चोवीस-पंचवीसची, बोलायला चुरचुरीत. तीन बटणं महत्त्वाची : जोडा, बदला, काढा. मेळाव्यात तिन्ही दाखवायचीच, असा या लोकांचा रिवाज आहे. नोंद जोडायची, मग त्यातलं काही बदलायचं, आणि शेवटी समोरची मंडळी ओरडून जो नंबर सांगतील ती नोंद काढून टाकायची. आपण काही आधीच जमवून आणलेलं नाही, हे त्यांना पटावं म्हणून.

पडद्यावरची नावं पाहिली आणि जीव विटला. टेस्ट एक, टेस्ट दोन, अबक, अबकअबक. याला काय नावं म्हणायची? ना लय, ना अर्थ. सुकेशनी जेवायला गेली तेवढ्यात मी ती सगळी पुसली आणि माझी सातवी भरली. जगदेव, हरीओम, प्रयाग, सेवादास, पौर्णिमा, सतीश... नंबरासह, बापाच्या नावासह, जन्मतारखेसह. पस्तीस वर्षांत एकही विसरलो नाही. टाइप करताना प्रत्येक नाव मोठ्यानं म्हटलं.

सुकेशनी परत आली आणि कपाळाला हात लावला. खरी नावं डेमोत कधी वापरत नाहीत म्हणे, या धंद्यातला पहिला नियम. "गुर्जी, कोनाचं खरं नाव उडोता का कधी?" मी म्हटलं, अगं, ती माझी लेकरं आहेत, रागावणार नाहीत. सतीशला तर भलतीच मौज वाटली. स्वतःचं नाव पाहून तो उभा राहिला आणि हजर म्हणाला. यादी तशीच राहिली.

२९ सप्टेंबर, रविवार

काय दिवस गेला! वाशीमच्या सभागृहात सत्तर-ऐंशी तरुण. आधी कुजबुज होती, हे आजोबा काय दाखवणार? मी हजेरीच्या चालीत नावं म्हणायला सुरुवात केली आणि सगळं गप्प झालं. एकतिसावं नाव मुद्दाम राखून ठेवलं होतं ते जोडलं, एकाची जन्मतारीख टाइप करताना चुकली होती ती बदलली. मग विचारलं, कोणती नोंद काढू? मागून कोणीतरी ओरडलं, नऊ! नऊ म्हणजे जगदेव. "जा रे जगदेव, तुला सुट्टी," म्हणून बटण दाबलं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

जगदेव गेला.

सकाळी हरीओमचा धनजहून फोन आला. दोघांची शेतं लागून. काल सोयाबीन काढणं चालू होतं. जगदेव हडंब्यात, मळणीयंत्रात, पेंढ्या लोटत होता आणि हात आत गेला. हडंबा थांबला नाही. खांदा गेला, मग डोकं. हरीओम म्हणाला, गुर्जी, दाने लाल निंघून राह्यले होते, पोतंभर. अकरा बत्तीसला त्यानं अँब्युलन्सला फोन लावला होता. कशासाठी लावला, त्यालाच ठाऊक नाही.

दिवसभर काही खाल्लं नाही. हसून सुट्टी दिली होती मी त्याला. योगायोग, दुसरं काय.

६ ऑक्टोबर, रविवार

आज कारंजा. मन नव्हतं, पण सतीशनं शब्द दिलेला. बोलणं बरं झालं. काढायला नंबर आला सतरा. बोट क्षणभर अडलं. सतरा म्हणजे प्रयाग, दोन वेण्यांची, कविता पाठ करताना डोळे मिटून घेणारी. समोर सगळे वाट पाहत होते. दाबलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

प्रयागबाई गेली. पिठाच्या गिरणीत पदर पट्ट्यात अडकला. गळा आवळत पट्ट्यानं तिला ओढत चाकापर्यंत नेलं. तिच्या जावेनं कमरेला मिठी घालून मागं खेचलं, सोडलं नाही, म्हणून तीही गेली. दोघींना वेगळं करायला दोन तास लागले, असं हरीओम सांगत होता आणि मध्येच ओकायला गेला.

सुकेशनीला सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला. प्रत्येक नोंद कधी काढली ती वेळ प्रोग्राम ठेवतो. जगदेव अकरा वीस, प्रयाग अकरा पाच. मग हरीओमला विचारलं, गिरणीवाल्यानं अँब्युलन्सला फोन कधी केला? अकरा सतरा.

दोन्ही वेळा बारा मिनिटं. सुकेशनीनं लॅपटॉप मिटला आणि हात पुसले, जणू त्याला काही लागलं होतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सतीशशी बोललो. तो हसला नाही, पण चिडला. गावात रोज कोनी ना कोनी मरतेच गुर्जी, तुमच्या वर्गातले आता पन्नाशीचे झाले, आता काय पाळण्यात हायेत का? मी म्हटलं, यादी काढून टाक. मग माझं मलाच कळलं मी काय बोललो. काढायची कशी? काढायचं बटण तेच. यादीत पौर्णिमा आहे. नंबर तेवीस.

म्हटलं, मी यापुढे नोंद काढणार नाही. फार तर बदलून दाखवीन. तो बरं म्हणाला.

१३ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा वाशीम. काढा ओरडत होते, मी नाही म्हटलं. फक्त बदल दाखवला. सेवादासचं गाव धनज होतं. त्याची सासुरवाडी पोहरादेवीची, म्हणून पोहरादेवी लिहिलं. किती साधी गोष्ट. बाहेर येऊन चहा प्यालो, बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सेवादास. धनजच्या फाट्यावर ट्रकखाली आला. मागच्या चाकाजवळच्या लोखंडात अडकला आणि ड्रायव्हरला कळलंच नाही. ट्रक पोहरादेवीत थांबला तेव्हा लोकांनी पाहिलं. अख्खा रस्ताभर —

त्याचा मुलगा पिशवी घेऊन रस्त्यानं चालत गेला. वेचत.

मी पाठवलं त्याला तिथं. मी गाव बदललं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पौर्णिमाला फोनवर सगळं सांगितलं. घराबाहेर पडू नकोस म्हटलं. ती रडायला लागली, माझ्यासाठी. बाबा, तुमचा बीपी वाढला, अनसिंगले चला. सतीशला बोलते म्हणाली, तो ऐकेल, लहानपणी एका डब्यात जेवलोत आमी. मी म्हटलं, नको. त्याला काही समजत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सतीशनं आज सांगितलं. येत्या रविवारी सगळ्यांत मोठा मेळावा, दोनशे माणसं, बाहेरूनही येणार. मी दाबत नाही ना, ठीक, मग तो दोनशे जणांना लिंक देणार. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर यादी उघडेल. ज्याला वाटेल त्यानं वाटेल ते नाव काढून पाहावं. यालेच लाइव्ह म्हंतेत गुर्जी, म्हणाला.

दोनशे अंगठे, अठ्ठावीस जिवंत नावं.

मी त्याचे पाय धरले. माझ्या विद्यार्थ्याचे. त्यानं मला उचलून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि डॉक्टरला फोन लावला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सुकेशनी काम सोडून गेली. जाताना दारातून बोलली, आत आली नाही. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप फोडून उपयोग नाही, यादी दुसरीकडेही आहे. बंद फक्त सतीशच करू शकतो, पासवर्ड त्याच्याकडे. रविवारी लिंकही तोच उघडणार. त्याच्याशिवाय ती उघडत नाही.

त्याच्याशिवाय उघडत नाही. हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं की मीच दोनदा ऐकलं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सतीश फोन उचलत नाही.

आठवीत जाताना याच पोरानं शाळेच्या भिंतीवर माझी आवडती कविता खडूनं लिहून ठेवली होती. एकही चूक नव्हती. मी ती पावसाळ्यापर्यंत पुसू दिली नाही.

नंबर चार. नाही. असं मनात सुद्धा —

१९ ऑक्टोबर, शनिवार

अकरा फोन. उचलत नाही. ऑफिसला कुलूप. पौर्णिमाही उचलत नाही. घरातच असेल. घरातच राहा म्हटलंय.

सत्तावीस जीव आणि एक जीव. हे काय गणित आहे का? मी भाषेचा मास्तर.

हडंबा. पट्टा. पिशवी.

तेवीस नंबरवर कोणाचं तरी बोट पडणारच. पोरीचं नाव सुंदर आहे, नजर तिथंच जाते —

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठ चाळीस. नंबर चार. दाबलं.

नाव मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणवलं नाही.

आता लिंक उघडणार नाही. तो सभागृहात असेल, खुर्च्या लावत. एकटाच असू दे. त्याच्याजवळ कोणी नसू दे —

आठ पंचेचाळीस. बाहेर नाली खोदायला जेसीबी आलाय. आवाजानं खिडकी थरथरते. लिहीत राहिलो तर वेळ जाईल.

आठ अठ्ठेचाळीस. मोटरसायकल थांबली. दाराशीच. कोणीतरी दार वाजवतंय.

सतीशचा आवाज.

म्हणतोय, गुर्जी उघडा, मी हाव. दोन दिवस मुद्दाम फोन उचलला नाही, सारं नव्यानं बसवलं. तुमची यादी आता तुमच्या लॅपटॉपबाहेर कोनालेच दिसनार नाही, टेस्ट एक, टेस्ट दोन टाकले आज. मले पटलं गुर्जी, पौर्णिमानं पटवलं. काल अनसिंगले जाऊन तिच्याशी बोललो, आज संगंच आनलं —

ती हसतेय बाहेर. बाबा, उघडा ना. हा पाहा, हात जोडून राह्यला तुमच्यापुढं. मी धरूनच आनलं याले.

धरून.

आठ एक्कावन्न. वही घेऊन खिडकीशी आलोय, दोघं दिसतात. ओरडतोय तर जेसीबीच्या आवाजात —

पौर्णिमा, सोड त्याला. हात सोड. लांब हो. जेसीबी मागं येतोय, ड्रायव्हर मागं न बघता मागं आणतोय, दाराकडं, पौर्णिमा हात सो