लॉकरची किल्ली

मंगळवार, संध्याकाळ. हॅवलॉक बेट, अंदमान

आज घरची सगळी समुद्रात बुडी मारून मासे बघून आली. मी काठावर पिशवी धरून बसले. तिच्यात सगळ्यांचे मोबाईल, पाकिटं आणि सुनेचं मंगळसूत्र. जाताना हे म्हणाले, "परका मुलूख हाय. पिशवी सोडू नकोस."

यात नवीन काही नाही. काटेवाडीत भावकीतल्या कुणाच्याही लग्नात दागिन्यांच्या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला असते. अक्षता पडताना मांडवात शेवटची कधी उभी होते, आठवत नाही.

दोन तासांनी डायव्हिंगवाल्यानं सांगितलं, आत लॉकर आहेत, सगळे त्यातच ठेवतात. मुलाला विचारलं तर म्हणाला, "व्हय, म्हायती होतं. पण तू होतीस की."

तू होतीस की. हेच टोचतंय. राग त्याचा आला की माझाच? मला उतरायचंय का, कुणी विचारलं नाही. आणि शेळगावला माहेरच्या विहिरीत मी मुटके मारायचे, हे मी तरी कुठं सांगितलं?

उद्यासाठी माझं नाव देऊन आले. पिशवी लॉकरात राहील. किल्ली मात्र माझ्याच मनगटाला. तेवढी सवय पाण्यातही सुटायची नाही.