आधी पाणी, मग रंग

वारजे, पुणे
४ मे २०२५

ती. बाबांस,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मध्ये दुभाषी झाली की माझी निम्मी वाक्यं गाळते, म्हणून हे पत्र. जमल्यास एकट्याने वाचा.

मी एक जुना कॉम्प्रेसर घेतलाय. तुमच्या पंक्चरच्या दुकानात होता तसाच, पट्ट्यावर चालणारा. जुन्या मशिनींचा व्यापार करणाऱ्या अकबरभाईंकडे मिळाला. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजते. निदान रविवारी तरी स्वतःच्या हातांनी काही करावंसं वाटतं. लोक मोडक्या व्हीलचेअर भंगारात टाकतात आणि आमच्या तळमजल्यावरची शैला चाकं निकामी झाली म्हणून महिनाभर घरात बसून आहे. अशा खुर्च्या मी दुरुस्त करून देणार, फुकट. टायर असो, सफाई असो की रंगाचा फवारा, हवा सगळ्याला लागते.

घरमालक गोपाळकृष्णकाकांनी मागची खोली दिली आहे. मशिनीला नव्या रिंगा आणि नवा पट्टा घातला. टाकी घासून तिला निळा रंग दिला, तुमच्या दुकानाचा निळा. फोटो आईच्या फोनवर आहे. एकदा या ना बघायला. बंद दुकानापुढे खुर्ची टाकून बसण्यापेक्षा बरं.

लोभाचा दाब उतरू देऊ नये.
आपली,
दीपमाला

पुसद
१० मे २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र एकट्यानेच वाचलं, पण माझं तोंड बघून तुझ्या आईने ओळखलं, मग तिलाही वाचून दाखवावं लागलं.

तीस वर्षं त्या मशिनीशेजारी बसलो. माझे कान तिनेच नेले. तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून तुला शिकवलं. घरातली पहिली पदवी, आणि तू ती घेऊन पुन्हा पंक्चरच्याच दुकानात! तुझी आई म्हणाली, पोरीच्या डोक्यात हवा गेली. मी म्हटलं, हवा आपल्याच दुकानाची आहे.

मी येणार नाही. मशीन परत कर.

करणार नाहीस, म्हणून पुढचं नीट वाच. रंग छान आहे. पण आजारी माणसाला पावडर लावून कोणी बरं करतं काय? टाकी आतून सडते. हवेतलं पाणी तळाला साचतं, ते रोज खालचा कॉक उघडून सोडावं लागतं. लोक सोडत नाहीत. टाकी हवा भरून तपासू नको, फुटली तर बॉम्बच. काठोकाठ पाणी भर आणि हातपंपाने दाब दे. सडकी असली तर पाझरेल, पण जीव घेणार नाही. आधी पाणी, मग रंग. तोवर बटणाला हात लावशील तर माझी शपथ आहे.

राग आहे, लोभही आहे. दोन्हींना उत्तर पाठव.
तुझा बाप,
नागोराव

वारजे, पुणे
१८ मे २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शपथ पोचायच्या आदल्या दिवशी मी बटण दाबलं होतं. दहा मिनिटं. गोपाळकृष्णकाका खाली आले आणि स्फोट करायचा असल्यास दुपारी एक ते चार सोडून करावा, असं सुचवून गेले. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

काल अकबरभाईंनी हातपंप आणला. दाब अर्ध्यावर गेला आणि टाकीच्या खालच्या बाजूला माझा निळा रंग फुगला. मग एक थेंब. मग तिथूनच दुसरा. हे सगळं मी पुस्तकात शिकले आहे, परीक्षेत त्याचे दहापैकी नऊ मार्क होते. पण वाकून खालून बघायचं मला सुचलं नाही.

शेजारचा एकजण वेल्डिंग मारून चालवा म्हणाला. अकबरभाईंनी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि पुन्हा कोणी विकू नये म्हणून टाकी माझ्यासमोर कापली. बदल्यात तपासणीचा दाखला असलेली दुसरी टाकी दिली. ती बसवली आहे, पण रंग दिलेला नाही.

बाबा, तुमच्या काळ्या हातांची मला कधीच लाज वाटली नाही. माझे झाले तर तुम्हाला का वाटावी? तुम्ही या मशिनीवर हात ठेवल्याशिवाय मी ती चालू करणार नाही. शैलाचं कॉलेज सोळा जूनला उघडतं, एवढंच सांगते.

लोभ असेल तर तो बसने पाठवावा.
दीपमाला

पुसद
२६ मे २०२५

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद.

शनिवारी सकाळी पोचतो. रागावूनच येतो आहे. परतीचं तिकीट सोमवारचं काढलं आहे. पोहे करू नको, तुझे कच्चे राहतात.

नागोराव

वारजे, पुणे
५ जून २०२५

ती. आईस,
दीपमालाचा नमस्कार.

तू बाबांच्या पिशवीत चार शर्ट दिलेस म्हणतेस, पण निघाला एक. बाकी जागेत कारखान्यात वापरतात तशी कानांवरची झाकणं होती. खोलीत शिरल्यावर त्यांनी माझे हात पाहिले नाहीत, मशीनही पाहिली नाही, आधी ती झाकणं माझ्या कानांवर चढवली. स्वतःसाठी का नाही आणली, असं मी ओरडून विचारलं. चोरी झाल्यावर कुलूप कशाला, म्हणाले.

मग मी बटण दाबलं. त्यांनी तळहात मशिनीवर ठेवला, डोळे मिटले आणि डावीकडची झडप नीट बसत नाही, असं सांगितलं. मला काहीच कळलं नव्हतं. बंद करून उघडलं, तर झडपेखाली जुन्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडा! नंतर त्यांनी टायरचे तुकडे कापून मशिनीच्या पायांखाली सरकवले. आवाज निम्मा झाला. गोपाळकृष्णकाकांनी हल्ली झोप लागते, अशी तक्रार केली आहे.

शैला काल फाटकापर्यंत एकटी जाऊन आली. खुर्ची कोणी दुरुस्त केली, असं तिच्या आजीने विचारलं, तेव्हा बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, आमच्या इंजिनिअर बाईंनी. माझे हात तेव्हा कोपरापर्यंत काळे होते.

सोमवारची बस सोमवारी गेली. बाबा गेले नाहीत. दुकान उघडून लहान पान्यांचा डबा आणि उरलेले तीन शर्ट पाठव. पाठोपाठ तूही ये.

तुझा लोभ माझ्या वाटचा थोडा बाबांना देते आहे.
दीपमाला

ता. क. टाकीच्या रंगावरून आमचं दोन दिवस वाजलं. निळा नको, तो पंक्चरवाल्यांचा रंग, हा त्यांचा हट्ट. शेवटी रंगाचा डबा मी कोपऱ्यात ठेवून दिला. आज सकाळी सवयीने वाकून खालून बघितलं, तर टाकीचं पोट कोणीतरी आधीच निळं करून ठेवलं होतं.